प्रणोतीला, फी भरण्याआधी

तू विचारलंस, "मला जमेल का गं?"
तेव्हा मी तीन नंबरच्या मशीनचा अलार्म बंद करत होते,
म्हणून नुसतं "बघू" म्हटलं.
आता सांगते.

शिक्षक रेकॉर्ड केलेले असतात.
आमचे इनामदार सर बाराव्या मिनिटाला खोकतात,
दर वेळी तिथेच.
तो भाग मी तीनदा पाहिला
आणि तिन्ही वेळा पाणी मीच प्यायले.
शंका विचारायला एक चौकोन आहे.
त्यात लिहायचं,
आणि गुरुवारपर्यंत त्या शंकेसोबत नांदायचं.

रात्रपाळीत दीडपट वेगाने ऐकू नकोस.
सर पुढे पळतात
आणि आपलं डोकं एलबीएस रोडवरच्या रिक्षासारखं
जागच्या जागी गुरगुरत राहतं.

बारावीचं गणित आठवतंय असं तुला वाटेल.
आठवत नसतं.
एकोणचाळिसाव्या वर्षी मी अपूर्णांकांची बेरीज
ओजसच्या सातवीच्या वहीतून पुन्हा शिकले.
त्याने तपासून लाल पेनाने "छान" लिहिलं,
खाली तारीख.

तुझी उत्तरं यंत्र तपासेल.
एक कंस राहिला की फुली.
एकदा रात्री दोनला मी त्याच्याशी भांडले, मोठ्याने,
तर सात नंबरवरून फर्नांडिस अंकल म्हणाले,
"सिस्टर, नवरा काय?"
म्हटलं, "नाही अंकल, साइन एक्स."

सीमा येईल तेव्हा मात्र घाई करू नकोस.
शून्याच्या जवळ जायचं,
अजून जवळ,
पोचायचं नाही.
पहिल्यांदा मला ही फसवणूक वाटली.
मग पाचव्या आठवड्यात अंकलचा रिपोर्ट हातात आला:
युरिया आधी भराभर उतरतो,
मग उतरण्याचा वेगच उतरू लागतो,
चौथ्या तासाला रेघ जवळपास आडवी.
अकरा वर्षं मी हे रोज बघतेय, प्रणोती.
याला सूत्र असेल असं कधी मनातही आलं नव्हतं.
त्या रात्री मी त्यांची नळी काढताना
जरा जास्तच हळू काढली.

आता परीक्षेचं.
परीक्षा घरूनच, पण कॅमेरा चालू.
आधी खोली दाखवायची, गोल फिरवून:
भिंत, फ्रिज, देव्हारा, वाळत घातलेले टॉवेल,
कन्नमवार नगरातलं माझं अख्खं घर
कुठल्याशा अनोळखी माणसाने पाहिलं
आणि लिहिलं, "खोलीत दुसरी व्यक्ती नको."
खोली एकच.
ओजस शेजारी गेला, सुदेश ड्यूटीवर,
उरले आबा.
त्यांनी पेपर घेतला, प्लास्टिकची खुर्ची घेतली
आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसले. दोन तास.
अकराला मावरेवाली आली, जिन्यातच ओरडत,
"बोंबील घ्या, बोंबीऽ…"
आणि मधेच थांबली.
नंतर कळलं, आबांनी ओठांवर बोट ठेवलं होतं
आणि गप्प करण्याची किंमत म्हणून
अर्धा किलो घेतले होते.

दार उघडलं तर सदऱ्याच्या पाठीवर
खुर्चीच्या जाळीचे चौकोन उमटलेले.
"शिकलेलंच विचारलं ना?" एवढंच म्हणाले.

दोन गुण गेले.
संकलनाच्या शेवटी अधिक सी लिहायचा राहिला.
सरांनी सांगितलं होतं, अठराव्या व्हिडिओत, खोकल्याशिवाय:
जे स्थिर असतं त्याचं अवकलन शून्य,
ते दिसेनासं होतं.
उलट परतताना त्याची जागा ठेवावी लागते,
किंमत ठाऊक नसली तरी.
वहीत मी हे दोनदा अधोरेखित केलं होतं
आणि तरी विसरले.

फी दोन हप्त्यांत भरता येते.
हेडफोन बरे घे, स्वस्तातले नकोत.
आणि गॅलरीत कोण बसेल,
ते आधी बघून ठेव.