निसरडा शब्द

समरकंदमध्ये आम्हांला मिळालेली खोली मातीची होती
आणि पीठ आठवड्याला एक पेला.
आई म्हणायची, हे माप नव्हे, थट्टा आहे.

झितोमिरहून निघताना तिनं लाटणं घेतलं,
चांदीची शमादानं राहिली.
बाबा फलाटावरून ओरडले, "ब्रायना, लाटणं कशाला?"
आम्ही ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं वाक्य.

त्या शुक्रवारी कुठूनसं एक अंडं आलं.
कुठून, ते आईनं मरेपर्यंत सांगितलं नाही.
तिनं पोळी लाटली, इतकी पातळ
की खालच्या फळीतली गाठ दिसावी;
गुंडाळी केली, सुरी टकटक चालू लागली.

दारात घरमालकीण, सादबर्ग.
तिची ताजिक, आमची यिडिश,
मध्ये बाजारापुरती रशियन.
शेवयांकडे बोट करून ती म्हणाली, "लख्शा."
आई म्हणाली, "लोक्शन."
सुरी थांबली.
एकीच्या पेटीत दुसरीचा रुमाल सापडावा
तशा दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"आमचा शब्द आहे हा. माझ्या आजीचा."
सादबर्गनं वाद घातला नाही.
ती अंगणात गेली, पन्नाशीची बाई,
हौदाकाठच्या बर्फावर मुद्दाम पाय टाकला
आणि सर्रकन घसरून दाखवलं:
"लख्शीद!"
हे असं. निसटतं ते.
आई हसली. झितोमिर सोडल्यापासून पहिल्यांदा.

पुढे मी कोश चाळले.
कोशकार जपून बोलतात:
बहुधा फारसी. बहुधा तातारांच्या तोंडून
युक्रेनच्या बाजारात, तिथून आमच्या पातेल्यात.
वाटेत किती जणांची जीभ घसरली असेल,
कुठे एक अक्षर सांडलं, कुठे एक चिकटलं,
आणि शब्द मात्र पडला नाही.

"बहुधा" मला पाठ आहे.
बाबांच्या नावापुढे सरकारी कागदावर
तोच होता, जांभळ्या शाईत.

पण त्या संध्याकाळी कागद यायचा होता.
आईनं तीन वाट्या भरल्या.
तिसरी कुणाची, हे मी विचारायच्या आत
तिनं ती सादबर्गपुढे सरकवली.

माझ्या चमच्यावर एक शेवई ठरेना.
उचलली की सुळकन परत रश्श्यात.
"हातानं खा, हास्या," आई म्हणाली.
"शब्बाथ आहे, तरी चालेल आज."