पट्टे किती होते

दत्त नगरात, मागांच्या वरच्या खोलीत
प्लायवूडच्या एका फळीवर
माझी सात कामं उघडी पडलीत.

विमानाचा डावा पंख झाला, उजवा टेपखाली आहे.
बार्शी लाईनचं छोटं इंजिन
चाकांवाचून काडेपेटीवर टेकलंय.
गलबताचे दोर बाकी.
रणगाड्याची साखळी मांजरानं नेली, परत दिली नाही.
लाल एसटीच्या पाटीवर
तीन केसांच्या ब्रशनं ‘तुळजापूर’ लिहितोय,
‘ळ’ चौथ्यांदा पुसला.
सहावं काय आहे ते आता खोकंच सांगेल,
आणि खोक्यावरचं चित्र उंदरानं खाल्लंय.

सातवं, गिरणीची चिमणी.

लोक विचारतात, एक संपवून दुसरं का घेत नाही ओ?
त्यांना काय सांगू,
पुट्टी वाळायला रात्र लागते,
त्या रात्री मी काय भिंत बघत बसू?
इंजिनाचा काळा ओला, तोवर एसटी.
एसटीचा लाल ओला, तोवर दोर.
बापाकडं चार माग होते.
ह्याचा धागा तुटला की हा,
त्याची कांडी संपली की तो,
आठ तास दोन्ही पायांवर वळत राहायचा,
आणि घरी जेवतानासुद्धा
भाकरीवरून आमटीकडं, आमटीवरून चटणीकडं
तसाच वळायचा.
फरक एवढाच, त्याचं कापड निघायचं.

मे महिन्यात इथं रंग ब्रशवरच मरतो.
पंखा लावला तर खालून कापसाचं तूस उडून
ओल्या पंखावर बसतं,
विमानाला मिशा फुटतात.
बंद केला तर नाकावरचा घाम थेट कॉकपिटात.
म्हणून मी वीज जायची वाट बघतो.
आठही माग एकदम गप्प होतात,
फळी थरथरायची थांबते,
आणि टॉर्च दातांत धरून
मी एक दिवा चिकटवतो. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढा.

खाली उंबऱ्यात अनसूया विड्या वळते.
हजार झाल्या की सूप बाजूला ठेवते,
जिन्यातून वर बघून रोज तेच विचारते,
‘ओक्कटैना अयिंदा?’
एक तरी झालं का.
मी म्हणतो, होत आलंय.
गलबताचे दोर तिच्याच रिळाचे आहेत,
हे तिला ठाऊक आहे. मला वाटतं, नाही.

चिमणी अडली ती पट्ट्यांवर.
विटा झाल्या, एकेक रेघ कोरून.
पण तिला लोखंडी पट्टे होते, खालून वर,
ते किती?
चिमणी पाडून वर्षं झाली.
फोटो एकच आहे, आत्याच्या लग्नातला,
त्यात वऱ्हाडामागं ती उभी आहे
कमरेपर्यंत.
इरण्णा हत्तुरे जॉबर होते, त्यांच्याकडं गेलो.
शेंगाचटणीची पुडी नेली. म्हणाले, अकरा.
दिवाळीला गेलो, म्हणाले, चौदा.
परवा म्हणाले, अरे कोण मोजतंय,
आम्ही भोंगा ऐकायचो आणि पळायचो.

तेव्हापासून बरं चाललंय.
आकडा मिळेना म्हणून चिमणी थांबली,
चिमणी थांबली म्हणून एसटी आणली,
एसटीचा कंटाळा आला म्हणून रणगाडा.
मनात कुठंतरी असंही आहे
की तो शेवटचा पट्टा बसला
तर खाली सही करावी लागेल,
आणि बाप काही बघायला येणार नाही.

काल वीज गेली.
ती पहिल्यांदाच जिना चढून वर आली,
गुडघ्यावर हात ठेवून, तंबाखूच्या वासासकट.
फळीवरून नजर फिरवली,
तिच्या रिळाच्या दोराला बोट लावलं, काही बोलली नाही.
मग चिमणीकडं बघून म्हणाली,
हिला पट्टे का नाहीत?
म्हटलं, किती ते कुणाला माहीत नाही.

‘बारा.’

आमच्या दारातून दिसायची, म्हणाली.
आई विड्या वळायची, मी पानं मोजायला शिकायची
ती तिच्यावर बघून.
बारापर्यंत नीट यायचं.
वर धूर असायचा.

म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

मला कधी विचारलंत?

आणि ती उतरली, एकेक पायरी.
फळीवर काळ्या कागदाच्या पट्ट्या
मागच्या वर्षीच कापून ठेवलेल्या होत्या, वीस.
त्यातल्या बारा मी मोजून वेगळ्या केल्या.
परत मोजल्या.
वीज आली, खाली माग सुरू झाले,
पट्ट्या फळीवर हळूहळू सरकू लागल्या.

मी विमानाची टेप सोडवायला घेतली.