शड्डू

‘जिल्हा बँकेसाठी ठोकला शड्डू’ —
पहिल्या पानाचा मथळा मीच लावला
आणि रात्रीच्या गाडीनं सांगलीहून पलूसला येऊन
अण्णांना वाचून दाखवला.

“कुठल्या हातानं?”

फोटोत तर उमेदवार कडक इस्त्रीत नुसता हसत होता.

“तळवा सपाट नाही. द्रोण कर.
हवा कोंडली तर आवाज, नाहीतर चापट.
आणि आधी माती.
आपल्या अंगाला लावायची,
समोरच्यालाही आपणच लावायची,
मग लढायचं.”

पंचवीस वर्षं नूरबा वस्तादांच्या तालमीत
ताक, हळद, तेल घालून हौद खणला त्यांनी.
आता डावी बाजू गेलेली.
उजव्या तळव्याचा द्रोण तेवढा अजून होतो,
पण वाजणार कशावर?

मी बाही वर सरकवून दंड पुढे केला.

गल्लीतली कुत्री उठली.