पानं उलटणारा

रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये पियानो आहे
हे भुसावळात अडतीस वर्षं काढून मला ठाऊक नव्हतं.
कॅरमच्या मागं, ताडपत्रीखाली,
वर चुन्याची बादली.

शलाका भंगाळेनं शोधला.
तिचा बाप यार्डात पॉइंट्समन होता, मी मालगाडीचा गार्ड.
पुण्याहून तेरा वाजवणारे आणले तिनं,
एकाच्या हातात बोअरच्या पाइपाएवढा लाकडी बासून,
आणि मला म्हणाली, काका, पानं उलटाल?
म्हटलं, मला त्यातलं अक्षर कळत नाही.
मी मान हलवीन, तेव्हा उलटा.
म्हणजे झेंडीच की. जमेल.

मे महिना. पंखे बंद, पानं उडतात म्हणून.
लोकांनी पत्रिकेनं वारा घेत
पहिला सूर ऐकला, दुसरा ऐकला,
दोघांचं काही नातं निघेना.
मागून एक बाई, काय वाजी राह्यलं व माय?
पेटीवाले नेहेते दुसऱ्या रांगेत
मांडीवर बोटानं सा चाचपत होते.
लागला वाटे, तोवर पियानो खालून फळी काढून घेई.
पाचव्या पानाला त्यांनी बोटं मिटली
आणि खुर्ची पुढं ओढली.

अकराव्या पानावर पियानोला काम नाही.
शलाकाचे हात मांडीत,
बाकीचे तेराजण आपापल्या रुळावर,
कुणी कुणासाठी थांबत नव्हतं
आणि कुणी कुणाला धडकतही नव्हतं.
तिचे ओठ हलत होते. सात. पाच. सात. तीन.
हे ओठ मी पाहिलेत.
केबिनच्या पायरीवर, रात्री दोनला,
कंदील गुडघ्याशी, डबे मोजणारे,
सत्तावन्न, अठ्ठावन्न,
शेवटचा लाल दिवा गेल्यावरच
मिटणारे.

मान हलली. मी जरा उशिरा उलटलं.

संपलं ते कुणालाच कळलं नाही.
बासूनवाल्यानं नळी काढून थुंकी झटकली,
तेव्हा टाळ्या.
कुणीतरी पंखे लावले
आणि पानं सुटली हॉलभर,
चपलांत, खुर्च्यांखाली, नेहेतेंच्या टोपीवर.
जो तो वाकलेला.
कोपऱ्यात आकडे आहेत, शलाका ओरडून सांगत होती.

मी क्रमानं लावली. बावीस आहे, चोवीस आहे.
परत मोजली.
राहू द्या काका, ती म्हणाली, ते पाठ आहे मला,
चहा गार होतोय.
मी पियानोखाली बॅटरी मारत राहिलो.
गाडी पुरी आल्याशिवाय
मी कधी सही केलेली नाही.