ताडपत्री

आचऱ्याच्या किनाऱ्यावर
दुपारी तीनला ढग आले, अवेळी.
यशोदा कुबलीण धावली.
ताडपत्री एकच, निळी, कोपऱ्यात फाटकी,
ती तिने टाकली द्रौपदीच्या बांगड्यांवर.
द्रौपदी मालवणात, लेकीच्या बाळंतपणाला.
पहिले थेंब पडले
यशोदेच्या स्वतःच्या गोलम्यावर.

विचारलं, तर वसकन म्हणाली,
"तिचे बांगडे कुसले तर वास माकाच येतलो.
माजा घर वाऱ्याच्या तोंडार."

वारा त्या दिवशी खाडीकडून,
उलटा.
पदर तिचा समुद्राकडे उडत होता.

मी तिच्या गोलम्याची एक पाटी
भिजत भिजत पडवीत नेली
आणि लगेच सांगून टाकलं:
फुकट नाही हां,
रात्री किसमूर केलंस तर वाटीभर पाठव.

सुकं मला पचत नाही,
तिला ठाऊक आहे.
तरी वाटी आली.