ढील

नाताळात वीज वाचवायची म्हणून
नव्या साहेबानं मुख्य खटका खाली ओढला,
आणि बारा दिवसांनी बोअरिंग मशीन जागं झालं ते
काहीच न आठवता.

हिरव्या काचेवर एकच ओळ लुकलुकतेय.
वाव्रिनेत्स हुदाक थर्मास खाली ठेवतो,
कपाटाचं दार उघडतो, आधी वास घेतो.
जळकट नाही. धूळ, तेल,
कुठल्याशा उंदराचा मोडलेला संसार.

झ्वोलेनच्या बाहेर, लाकडाच्या वखारींपलीकडे,
शेडमध्ये उणे नऊ.
पत्र्यावरून बर्फ घसरला की फोरमन वर बघतो,
जसं काही बिलच येतंय.
"नवीन कंट्रोल बसवायला किती?"
किंमत ऐकून तो पुन्हा वर बघतो.

फ्यूज ठीक. पंखा बोटानं ढकलला की फिरतो.
कार्डं एकेक करून उपसली,
सोनेरी दातांवर खोडरबर घासला
(लेकीच्या कंपासपेटीतला, वर घुबड छापलेला),
फुंकर मारली, परत खोचली.

सेल तीन होते. तिन्ही फुटून पांढरे पडलेले.
झाकणावर कुणीतरी लिहून ठेवलं होतं:
मशीन चालू असतानाच बदला.
अशी माणसं सगळं लिहितात,
वाचणार कोण, तेवढं सोडून.

दाराच्या आतल्या खिशात वही निघाली,
चौकटीच्या कागदाची, तेलानं आरपार दिसणारी.
क्वेतोस्लावा ब्रेझिनोवा, १९८७.
आकड्यांची नऊशे घरं.
सातच्या कंबरेला आडवी रेघ, एकाला लांब नाक.
तो टाइप करू लागतो.
प्रत्येक कळ दोनदा दाबावी लागते,
पाचाची तीनदा.

रात्री दोनला चारशेबारा.

मग ते पान येतं.
टेबलाची ढील:
दिशा बदलली की स्क्रू फिरतो,
टेबल मात्र लगेच हलत नाही,
त्या मधल्या रिकाम्या फिरण्याचा हिशेब.
बारा. खोडून सतरा. खोडून बावीस, शाई निळी.
खोडून तीस, अक्षर जरा थरथरतं.
शेजारी पेन्सिलीनं: हिवाळ्यात दोन कमी.
पुढे कॉफीचा गोल डाग,
त्याखाली बुडालेला शेवटचा आकडा.
त्रेचाळीस? अठ्ठेचाळीस?

सकाळी सहाला तो फोन लावतो.
म्हातारी पहिल्याच रिंगला उचलते.
आकडा विचारल्यावर गप्प.
मागे रेडिओ, किटलीची शिट्टी.
"खिडकीकडच्या चाकावर हात ठेवून बघितलास?"
नाही.
"मग मला काय विचारतोस? आधी तिला विचार."
ती म्हणजे मशीन, हे कळायला त्याला क्षणभर लागतो.
"माझ्या वेळी अठ्ठेचाळीस होता.
त्याला चौदा वर्षं झाली.
आता माझाही गुडघा
वळल्यावर एक श्वास थांबतो, मग निघतो."

तो मोजायचा डायल लावतो.
टेबल पुढे. टेबल मागे.
काटा थांबतो, थांबतो, हलतो.
पाचदा मोजून एकसष्ट.
उणे नऊमध्ये.
म्हणजे उन्हाळ्यात त्रेसष्ट.

टेबल आपलं शून्य शोधायला निघतं,
रात्री उठलेला माणूस दिवा न लावता
पायानं चपला शोधतो तसं.
पुढे जातं, टेकतं, जरा मागे येतं,
पुन्हा टेकतं.
काचेवर तीन शून्यं.
चौथ्या अक्षाचं येत नाही.
ते उद्या.

वहीत तो डागावरच रेघ मारतो,
एकसष्ट लिहितो, तारीख घालतो,
एकाला नकळत लांब नाक काढतो.
नाव लिहावं का, ठरत नाही.

खटक्यावर चिकटपट्टी, वर मोठ्या अक्षरांत:
हात लावू नका.

"किती दिवस चालेल?" फोरमन विचारतो.
वाव्रिनेत्स घुबडाचा रबर पँटला पुसतो,
काळा झालेला कोपरा नखानं खरवडतो.
"शाळा आठला भरते," तो म्हणतो,
"हा त्याच्या आत परत हवाय."