गोरज

गुरं घरी परतत होती तेव्हा ही जन्मली,
म्हणून जेरोतिच.
मुलगा असता तर किप्रोतिच म्हटलं असतं.
आमच्या नावांत एवढाच फरक,
सुरुवातीच्या अक्षराचा.
गुरं तीच, धूळ तीच, वेळ तीच.
सुईण म्हणाली, पोरगी.
मी म्हटलं, बरं,
आणि उतू चाललेलं दूध उतरवायला सांगितलं.

तेवीस वर्षांत एवढीच तपासणी झाली होती तिची.

आता पत्र आलंय.
शाळेतले चेरुइयोत मास्तर ओट्यावर बसून वाचतात.
एक ओळ वाचतात, चष्मा पुसतात,
पुन्हा तीच ओळ.
रक्तात काहीतरी जास्त आहे म्हणे हिच्या.
किती जास्त?
ते एक आकडा सांगतात, दशांशचिन्हासकट.
त्यापुढचा शब्द त्यांनाही लागत नाही.

मास्तर, माझं उत्तर लिहून घ्या.

लिहा, सात वर्षांची असल्यापासून ही
केरियोच्या खोऱ्यातनं पाण्याचा पिवळा कॅन
पाठीला दोरानं बांधून चढून यायची.
वीस लिटर.
तेव्हा कुणी म्हणालं नाही, ही पोरगी नव्हे.
म्हणाले, नशीब काढलंस, कामाची आहे.
लिहा, माझी धाकटी बहीण अडली होती,
जीप चिखलात रुतलेली,
हिनं मावशीला पाठुंगळी घेतलं
आणि दवाखान्यापर्यंतचा सगळा चढ
एकदाही न टेकता पार केला.
त्या रात्रीही कुणी सुई घेऊन आलं नाही
हिचं रक्त काढायला.

सोळावं सरलं, सतरावं सरलं,
पाळी आली नाही.
विहिरीवरच्या बायका मी पोचले की गप्प व्हायच्या.
मीसुद्धा रात्री उठून
कंदील धरून बघायचे तिच्या झोपलेल्या अंगाकडे.
एकदा बाजारातनं फुलाफुलांचा झगा आणला,
मुद्दाम दोन मापं लहान.
खांद्यावर टर्रकन उसवला.
ती हसली.
मी नाही हसले.
हे लिहू नका, मास्तर.

हे लिहा:
पदक घेऊन आली तेव्हा
विमानतळावर दुधीतलं आंबवलेलं दूध
मी स्वतः तिच्या तोंडाला लावलं.
ज्या साहेबानं तेव्हा शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला
त्याचीच सही आहे ना खाली?
पुढच्या शर्यतीआधी त्यानंच निरोप धाडला होता,
वेण्या लांब घाल, कानात काहीतरी चमकू दे,
शर्यत संपल्यावर फार ओरडू नकोस.
एल्दोरेतच्या दुकानात सहा तास बसून
तिनं वेण्या घालून घेतल्या.
मान दुखत होती तरी जिंकली.
वेण्यांचा काही उपयोग झाला नाही.

मग राजधानीतली ती खोली.
दोन पुरुष, एक बाई, एक टेप.
मला तिनं काही सांगितलं नाही.
गोठ्यात गायीला सांगत होती,
मी कुडाआडून ऐकलं.

मास्तर पुढचं वाचतात.
गोळ्या घेतल्या तर चालेल,
पळणं मंदावेल, मग बायकांत धरू.
म्हणजे हळू झाली की बाई?
मास्तर म्हणतात, तसं लिहिलेलं नाही.
मग कसं लिहिलंय?
ते पुन्हा चष्मा पुसतात.

उत्तर कुठल्या भाषेत पाठवायचं, ते विचारतात.
तुमची जी चालेल त्यात पाठवा.
फक्त तिचं नाव नीट लिहा,
पहिल्या अक्षरासकट.

तोवर उन्हं कलतात.
गुरांचे पाय वाजायला लागतात, धूळ उठते.
एक कालवड कळप सोडून
कोस्गेईच्या मक्यात शिरते
आणि तिच्यामागे जेरोतिच,
उसवून मोठा केलेला तोच झगा गुडघ्यावर खोचून,
अनवाणी.
मास्तरांच्या हातातला कागद तसाच राहतो.

मक्यातनं कोस्गेई ओरडतो,
अरे, कुणाची आहे ही?

कालवडीबद्दल विचारतोय तो.
तरी मी ओट्यावर उभी राहते
आणि खोऱ्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगते,
माझी.